पोलादाचं गाव, तीन नद्यांचं पिट्सबर्ग

‘आत्या, तू येतेयस ते फार बरं झालं. बाबा दिवसभर खिडकीत बसून असतात. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं. आता नुसते परतीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेत.’

भाच्याचा हा फोन आला तेव्हा माझं तिकीट काढून झालं होतं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं ब्लास्ट फर्नेसवर गेली. वहिनी गेल्यापासून एकटाच असतो. मुलगा पिट्सबर्गला, म्हणून पाच महिन्यांसाठी तिकडे गेलेला. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडणार, ती संध्याकाळी सहानंतर परतणार. शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही. गल्लीत चिटपाखरू नाही. टीव्हीवरच्या मालिका माणूस पाहून पाहून किती पाहणार?

तुमच्यापैकी अनेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. ‘मुलाकडे चाललोय, गाव फार मोठं नाही, तिथं बघण्यासारखं काही आहे का?’ अशी विचारणा मला नेहमी होते. ते गाव न्यूयॉर्क किंवा शिकागो नसतं. कोलंबस असतं, क्लीव्हलंड असतं, सेंट लुईस असतं. मुलांना विचारावं तर ती म्हणतात, ‘इथं काही नाही. सुटी लागून आली की कुठंतरी लांब जाऊ.’ मग मुक्कामातले सात-आठ दिवस सोडले तर आईवडील घरातच! तेव्हा आज अशाच एका मध्यम गावात जाऊ या.

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागातलं शहर. आजची वस्ती सुमारे तीन लाख. १९५० साली ती पावणेसात लाख होती. निम्म्याहून अधिक गाव कुठं गेलं, ते पुढं कळेलच.

विमानतळावरून येताना भाच्यानं मला मुद्दाम पुढच्या सीटवर बसवलं. बराच वेळ नुसते डोंगर आणि झाडी. मग फोर्ट पिट नावाचा बोगदा लागला. तो संपला आणि पुढच्याच क्षणी आम्ही पुलावर होतो. समोर एकदम नदी, पिवळेधमक पूल, उंच इमारतींचा घोळका... पडदा वर जावा आणि सगळा सेट दिसावा, तसं! गावात शिरण्याची इतकी नाट्यमय वाट मी अमेरिकेत दुसरीकडे पाहिलेली नाही. मागच्या सीटवरून दादा म्हणाला, ‘बोगद्याचं काय कौतुक? कसाऱ्याच्या घाटात कमी आहेत का?’

यावरून त्याची मनःस्थिती तुमच्या लक्षात यावी.

दुसऱ्या दिवशी मुलं कामावर गेल्यावर मी दादाला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. पिट्सबर्गला बस आहे, ‘टी’ नावाची हलकी रेल्वे आहे, आणि बस किती वाजता येणार ते फोनवर दिसतं. टी तर गावाच्या मध्यभागातल्या काही स्थानकांदरम्यान फुकट नेते. ‘अमेरिकेत गाडीवाचून पान हलत नाही’ हे या गावापुरतं तरी निम्मंच खरं आहे.

पहिला मुक्काम ठरलेला होता, इन्क्लाइन. गावाच्या दक्षिणेला नदीला चिकटून माउंट वॉशिंग्टन नावाची टेकडी आहे. उंची चारशे फुटांच्या आसपास, पण चढ असा उभा की मान वर करूनच पाहावं. तिचं जुनं नाव ‘कोल हिल’, कारण तिच्या पोटात दगडी कोळसा. खाली नदीकाठी कारखाने आणि वर कामगारांची घरं. बारा तास राबून आल्यावर हा कडा चढायचा कसा? म्हणून एकोणिसाव्या शतकात उतारावर रूळ टाकून दोरांनी ओढले जाणारे डबे सुरू झाले. अशा सतरा इन्क्लाइन एके काळी या गावात होत्या. आज दोन उरल्या आहेत. मोनाँगहेला इन्क्लाइन १८७० सालची आणि ड्युकेन इन्क्लाइन १८७७ सालची. दोन्ही अजून रोज चालतात आणि टेकडीवरची माणसं त्यांतून कामाला जातात.

आम्ही ड्युकेनची निवडली. तुम्हीही तीच निवडा. डबे जुनेच आहेत, आतून नक्षीदार लाकडाचे. दोन डबे एकाच यंत्राला बांधलेले, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. रहाटाला दोन पोहरे असावेत तसं. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याच्या कामी येतं. १९६२ साली ही इन्क्लाइन बंद पडली होती, दुरुस्तीला पैसा नव्हता. टेकडीवरच्या रहिवाशांनी स्वतः निधी जमवला आणि १९६३ साली ती पुन्हा सुरू केली. आजही रहिवाशांची संस्थाच ती चालवते.

वरच्या स्टेशनात छोटंसं संग्रहालय आहे आणि यंत्रघरही पाहता येतं. तिथल्या भल्यामोठ्या चाकाचे दात लाकडी आहेत! मी म्हटलं, ‘दादा, एवढं वजन ओढायचं आणि दात लाकडाचे?’ तो कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘झिजला तर तेवढा एकच दात बदलायचा. शिवाय आवाज कमी. डोकं चालवलंय.’ तीन दिवसांतलं त्याचं हे सर्वांत लांब बोलणं होतं.

वरच्या सज्जातून सगळं गाव खाली पसरलेलं दिसतं. डावीकडून अ‍ॅलेगेनी नदी येते, उजवीकडून मोनाँगहेला. दोघी मिळून ओहायो होते, ती पुढं मिसिसिपीला मिळते आणि तिचं पाणी शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातं. संध्याकाळी इथं याल तर दिवे लागेपर्यंत थांबा. जोडपी, फोटो काढणारे, लग्नाच्या पोशाखातली वऱ्हाडं, सगळी इथं भेटतात.

त्या संगमाच्या टोकावर ‘पॉइंट’ नावाचं उद्यान आहे. नद्या ज्याच्या हातात त्याच्या हातात मुलूख, म्हणून या तिकोनी जागेसाठी फ्रेंच आणि इंग्रज झुंजले. १७५४ साली फ्रेंचांनी किल्ला बांधला, १७५८ साली इंग्रजांनी जागा घेतली आणि आपले मंत्री विल्यम पिट यांचं नाव दिलं. त्या काळातली १७६४ सालची ‘ब्लॉक हाऊस’ नावाची विटांची बुटकी गढी अजून उभी आहे. गावातली ही सर्वांत जुनी वास्तू. आत पाच मिनिटांत पाहून होते. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्या माणसाला ती देवळीएवढीच वाटणार, पण ज्या देशाचा जन्मच १७७६ सालचा, त्याला तिचं अप्रूप असणारच.

मला गंमत वाटली ती कारंज्याची. ऐन टोकाला दीडशे फूट उडणारं कारंजं आहे, पण त्याचं पाणी तिन्ही नद्यांपैकी एकीचंही नाही. जमिनीखाली पाण्याचा आणखी एक साठा आहे, हिमयुगातल्या वाळू-खडीत मुरलेला. कारंजं त्यावर चालतं. लोक त्याला ‘चौथी नदी’ म्हणतात. ‘म्हणजे यांचीही सरस्वती गुप्तच!’ दादा म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी हसला. थंडीत कारंजं बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

इथून चालत अ‍ॅलेगेनीच्या काठानं निघालं की तीन पिवळे पूल ओळीनं दिसतात. हुबेहूब एकसारखे, म्हणून ‘तीन बहिणी’. १९२४ ते १९२८ या काळात बांधलेले. पूल या गावात चारशेच्या वर आहेत, पण या तिघींची नावं ऐका. एक बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना १९७२ सालच्या शेवटच्या दिवशी विमान कोसळून ते गेले. दुसरा चित्रकार अँडी वॉरहॉल यांचा, ते इथंच १९२८ साली जन्मले. तिसरा रेचल कार्सन यांचा. कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविरुद्ध १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून साऱ्या जगाला जागं करणाऱ्या या बाई याच नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावच्या. खेळाडू, चित्रकार आणि शास्त्रज्ञ लेखिका... पुलांना नावं देताना राजकारण्यांची आठवण न होणारं गाव मला एकदम आवडून गेलं!

वॉरहॉल यांचं सात मजली संग्रहालय पलीकडेच आहे, १९९४ साली उघडलेलं. खरं सांगायचं तर सुपाच्या डब्यांची चित्रं माझ्या डोक्यावरून गेली. एका खोलीत चंदेरी उशांसारखे फुगे तरंगत असतात, तिथं मात्र मी आणि दोन शाळकरी मुलं बराच वेळ खेळलो. दादा बाकावर बसून होता.

आता ओकलंड. हा गावाचा विद्यापीठांचा भाग. आपली असंख्य मुलं ज्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येतात ते इथंच, आणि पिट्सबर्ग विद्यापीठही इथंच. याच विद्यापीठात डॉ. जोनास साल्क यांनी पोलिओची लस तयार केली. ती गुणकारी असल्याचं १९५५ साली जाहीर झालं.

या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे ‘कथीड्रल ऑफ लर्निंग’, विद्येचं मंदिरच म्हणा ना. बेचाळीस मजले, ५३५ फूट उंच. १९२६ साली बांधायला घेतली. पैसे कमी पडले तेव्हा गावातल्या शाळकरी मुलांनी प्रत्येकी दहा सेंट देऊन एकेक वीट ‘विकत’ घेतली. अशी मुलं किती? सत्त्याण्णव हजार! तळमजल्यावरच्या उंच कमानींच्या दालनात मुलं पुस्तकं उघडून बसलेली असतात आणि तरीही टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

इथल्या ‘नॅशनॅलिटी रूम्स’ चुकवू नका. पिट्सबर्गच्या कारखान्यांत पोट भरायला देशोदेशींची माणसं आली. पोलंड, आयर्लंड, इटली, चीन, हंगेरी... त्या त्या समाजानं आपापल्या देशाच्या धाटणीची एकेक वर्गखोली इथं सजवून दिली. आज तीसहून अधिक खोल्या आहेत. आपली भारतीय खोली २००० साली तयार झाली. ताजमहाल किंवा राजवाडा न निवडता आपल्या माणसांनी नालंदा निवडलं. गुलाबीसर विटा, खांब, मठाच्या चौकाचा भास. विद्यापीठाच्या इमारतीत नालंदा, याहून योग्य निवड कोणती? एक सूचना, या खोल्यांत सत्र चालू असताना खरोखरचे तास भरतात. म्हणून शनिवार-रविवारी जा.

रस्ता ओलांडला की कार्नेगी संग्रहालयं. एका तिकिटात दोन, निसर्गविज्ञानाचं आणि कलेचं. डायनासोर पाहायचे तर जगात मोजक्या ठिकाणी पाहावेत, त्यातलं हे एक. १८९९ साली वायोमिंगमध्ये सापडलेला महाकाय डिप्लोडोकस इथं आहे. त्याचं शास्त्रीय नावच ‘डिप्लोडोकस कार्नेगी’. बाहेर रस्त्याकडेला त्याचा मोठा पुतळा आहे, त्याच्या गळ्यात ऋतूप्रमाणे मफलर गुंडाळतात! नातवंडं बरोबर असतील तर अख्खा दिवस इथंच जाईल. शेजारच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारावर ‘लोकांसाठी मोफत’ अशा अर्थाचे शब्द कोरले आहेत. तेही कार्नेगींचंच.

अँड्र्यू कार्नेगी हे नाव या गावात पावलोपावली भेटतं. स्कॉटलंडमधल्या गरीब विणकराचा मुलगा. १८४८ साली बाराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इथं आला. सूतगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरदेखील पुरा नाही अशा पगारावर लागला. आणि १९०१ साली त्यानं आपला पोलादाचा धंदा विकला तो ४८ कोटी डॉलरना! त्या पैशातून जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयं उभी राहिली. मी हे सगळं फलकावरून दादाला वाचून दाखवत होते. तो म्हणाला, ‘पगार काय देत होता कामगारांना, ते लिहिलंय का तिथं?’

नव्हतं लिहिलेलं. ते पाहायला आम्ही शनिवारी होमस्टेडला गेलो.

होमस्टेड म्हणजे मोनाँगहेलाच्या काठानं आठ-दहा किलोमीटरवरचं गाव. कार्नेगींचा सर्वांत मोठा कारखाना इथं होता. १८९२ साली पगारकपातीवरून संप पेटला. मालक स्कॉटलंडला गेलेले, कारभार हेन्री फ्रिक यांच्या हाती. त्यांनी खासगी पहारेकऱ्यांची सुमारे तीनशे माणसं दोन पडावांत बसवून रातोरात नदीतून पाठवली. ६ जुलैच्या पहाटे कामगार आणि त्यांच्या बायका काठावर उभ्या होत्या. दिवसभर गोळीबार चालला. दोन्ही बाजूंची मिळून दहाच्या आसपास माणसं मेली. मग सरकारी फौज आली, संप मोडला आणि पोलाद कारखान्यांतली संघटना पुढं चाळीसेक वर्षं डोकं वर काढू शकली नाही. ज्या काठावर हे घडलं तिथलं जुनं पंपघर अजून उभं आहे.

बाकी कारखाना? १९८६ साली तो बंद झाला. १९७०-८०च्या दशकांत या नदीकाठचे कारखाने एकामागून एक गेले आणि त्यांच्याबरोबर माणसंही गेली. होमस्टेडच्या जागेवर १९९९ साली खरेदी-विक्रीचं मोठं संकुल झालं. दुकानं, सिनेमा, हॉटेलं आणि मधोमध कारखान्याच्या बारा चिमण्या, शोभेला ठेवल्यासारख्या. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते पाहिलेल्या मराठी माणसाला इथं फार काही समजावून सांगावं लागत नाही.

टेकडीवर कार्नेगींनी १८९८ साली, म्हणजे त्या गोळीबारानंतर सहा वर्षांनी, बांधून दिलेलं ग्रंथालय आहे. सुंदर इमारत. आत संगीताचं सभागृह आणि पोहण्याचा तलावसुद्धा. दादा पायरीवर थांबला. म्हणाला, ‘बारा तासांची पाळी करून आलेला माणूस वाचणार कधी? आमच्याकडे आठ तासांची पाळी १९१२ सालापासून आहे.’

मला वाटलं, अभिमानानं जरा जास्तच बोलतोय. पण ते खरं आहे. जमशेदपूरला आठ तासांचा दिवस १९१२ साली आला आणि अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांनी बारा तासांची पाळी सोडली १९२३ साली. आणि गंमत पाहा, जमशेदपूरचा धागा मुळात याच गावात येऊन पोचतो. १९०२ साली जमशेदजी टाटा अमेरिकेत आले तेव्हा पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी या इंजिनिअरना भेटले. हे केनेडी कार्नेगींच्या कारखान्यांत काम केलेले. त्यांनी जमशेदजींना न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांचं नाव सुचवलं आणि पेरिन यांनी हिंदुस्थानात येऊन शोधाशोध केली. पुढं साकचीला कारखाना उभा राहिला आणि गाव वसलं, त्याचा पहिला आराखडाही केनेडींच्याच कंपनीचा. १९१२ साली तिथं पहिलं पोलाद निघालं तेव्हा जमशेदजी हयात नव्हते. १९०४ सालीच ते गेले होते.

होमस्टेडच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, कॅरी फर्नेस आहे. या गावातली एकच गोष्ट पाहायची असेल तर ही पाहा असं मी म्हणेन. भल्याभल्या प्रवासी पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात.

इथल्या सहा आणि सात क्रमांकाच्या दोन भट्ट्या १९०७च्या सुमारास उभारलेल्या. उंची ९२ फूट. दिवसाला हजार टनांहून अधिक लोखंड गाळायच्या. वितळलेलं लोखंड तसंच धगधगतं डब्यांत भरून रेल्वेनं पूल ओलांडून पलीकडे होमस्टेडला जायचं आणि तिथं त्याचं पोलाद व्हायचं. १९७८ साली त्या विझल्या. नंतर वीस वर्षं गंज, झाडी, भंगार चोरणारे. त्या ओसाडीत काही कलावंत चोरून शिरले आणि तिथल्याच पाइप-तारांमधून पंचेचाळीस फूट उंचीचं हरणाचं डोकं बांधून गेले. तेही आता जपून ठेवलंय. २००६ साली भट्ट्यांना राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. आता मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान इथं माहितगारांबरोबर फेऱ्या असतात.

पाय पूर्ण झाकणारे बूट असल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी सँडल घालून गेले होते. भाचेसुनेनं गाडीतून आपले व्यायामाचे बूट काढून दिले म्हणून बरं, ते एक नंबर मोठे होते तरी.

फेरीला आम्ही पंधराजण होतो. माहिती देणारा तरुण चांगला होता, उत्साही, पण भट्टी विझल्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला. तो म्हणाला, ‘इथून लोखंड बाहेर काढायचे.’ दादा पुढं सरकला. भट्टीच्या पायाशी मातीनं भरलेल्या भोकाजवळ उभा राहिला. आणि मग माझ्या भावानं, तीन महिने घरात घुम्यासारखा बसलेल्या माणसानं, साध्यासुध्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. भोक कसं पाडतात, लोखंड आधी कसं येतं, वरची मळी कुठं वळवायची, भोक बंद करायला मातीचा गोळा कसा दाबतात, त्या यंत्राला मड गन म्हणतात. वाळूच्या चरात ओल राहिली तर काय होतं. ते सांगताना त्यानं बाही वर करून कोपराजवळचा जुना व्रण दाखवला.

कोणी हललं नाही. गटात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचे वडील याच भट्टीवर होते, असं त्यांनी मागाहून सांगितलं. ‘ते घरी यातलं काही बोलत नसत,’ ते म्हणाले. फेरी दोन तासांची, आम्ही तीन तासांनी बाहेर पडलो. माहिती देणाऱ्या मुलानं दादाची वही मागून घेतली आणि त्यानं काढलेल्या आकृतीचा फोटो काढला.

गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा, तो हातावरचा डाग भाजल्याचा आहे? मला आजवर वाटायचं, तुम्ही सायकलवरून पडला होतात.’

‘तुझ्या आईनं तसं सांगायला लावलं होतं,’ दादा म्हणाला.

असो. उरलेलं भराभर सांगते. स्ट्रिप डिस्ट्रिक्ट हा जुन्या गोदामांचा बाजार शनिवारी सकाळी गजबजतो. मासे, चीज, कॉफी, फुलं, गर्दी, ढकलाढकली... अगदी आपल्या मंडईसारखं वाटतं. इथं पावात बटाट्याच्या काचऱ्या आणि कोबी घातलेलं सँडविच प्रसिद्ध आहे. त्यात मांस असतं, नको असेल तर आधी सांगा. पावात बटाटा हे काही आपल्याला नवीन नाही! जवळच हाइन्झ इतिहास संग्रहालय. सॉसवाले हाइन्झही इथलेच. फुलांची आवड असेल तर १८९३ सालचं फिप्स काचगृह. फिप्स हे कार्नेगींचे भागीदार. ऑक्टोबरात तिथं शेवंतीचा बहर असतो. पक्ष्यांसाठी नॅशनल एव्हिअरी. नातवंडांसाठी १८९८ सालचं केनीवुड उद्यान, त्यात शंभर वर्षं जुनी लाकडी घसरगाडी आहे. मी बसले नाही.

पेन हिल्सला डोंगरउतारावर व्यंकटेश्वराचं देऊळ आहे. १९७७ साली प्रतिष्ठा झाली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी एक. पांढरं गोपुर लांबून दिसतं. दर्शनानंतर खालच्या उपाहारगृहात चिंचभात आणि दहीभात मिळतो. तिथं दर शनिवार-रविवारी आपल्यासारखेच मुलांकडे आलेले आईवडील भेटतात, बहुतेक तेलुगू आणि तमिळ, क्वचित मराठी.

वास्तुकलेत रस असणाऱ्यांनी एक दिवस काढून ‘फॉलिंगवॉटर’ला जावं. गाडीनं दीड तास. पिट्सबर्गच्या कॉफमन या दुकानमालकांसाठी फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली आखलेलं घर. कॉफमनना वाटलं होतं, घरातून धबधबा दिसेल. राइट यांनी घर धबधब्यावरच बांधून दिलं! तिकीट बरंच आधी काढावं लागतं आणि ऐन थंडीत ते बंद असतं.

भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन किंवा लंडनला बदलावं लागतं. न्यूयॉर्कहून दिवसाची रेल्वे आहे, नऊ-साडेनऊ तास लागतात. पण वाटेत अल्टूनाजवळ घोड्याच्या नालेसारखं वळण येतं, १८५४ सालचं. खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं. वेळ असेल तर रेल्वेनंच जा. मे ते ऑक्टोबर हा चांगला काळ. ऑक्टोबरच्या मध्यानंतर डोंगर लाल-पिवळे होतात, तेव्हा स्वेटर जवळ ठेवा. गाव चढउतारांचं आहे, नुसते सार्वजनिक जिने सातशेवर आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी आणि लाज बाळगू नये.

मी पंधरा दिवसांनी परतले. गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला होता. देवळात भेटलेल्या विशाखापट्टणच्या एका निवृत्त गृहस्थांना घेऊन दादा बसनं इन्क्लाइनला गेला होता. तेही पोलादातलेच. आता दोघांना कॅरी फर्नेसला जायचंय आणि त्यासाठी दादाला जमशेदपूरच्या कपाटातले आपले जुने सेफ्टी बूट हवे आहेत. कुरिअरनं पाठवता येतील का, अशी विचारणा आहे. मी चौकशी केली. बुटांच्या किमतीपेक्षा कुरिअर महाग पडतंय.

पाठवते आहे.